ओटी काय खिशात भरू?

"मग ओटी काय तुझ्या खिशात भरू?" असं आई म्हणाली, आणि मला हसू आलं.

हसायला नको होतं. बायको रडवेली होऊन बसली होती, आई संतापली होती, वैशाखाच्या उन्हानं वरचे पत्रे तडतडत होते. आणि ती वर्षं अशी होती की आमच्या भागात कोणी मोठ्यानं हसलं तर शेजारी दार उघडून बघायचे. कापसाच्या त्या वाईट वर्षांबद्दल आज कोणी विचारलं की मी मान हलवतो, "फार कठीण दिवस होते" म्हणतो. ते खोटं नाही. पण त्याच दिवसांत मी आनंदानं अर्धा वेडा झालो होतो, आणि हे सांगायला माझी जीभ कधी रेटली नाही. आता पन्नाशी उलटली, मुलगी कॉलेजात गेली. सांगून टाकतो.

आर्णीत आमचं घर कचेरीवाल्यांचं. वडील तहसीलमधून निवृत्त झालेले, आजोबा कोर्टात कारकून, काका पाटबंधाऱ्यात. आमच्या घरात माणूस मोठा झाला की खुर्चीवर बसतो, एवढं मला लहानपणापासून कळत होतं. मी मात्र यवतमाळला आयटीआयमध्ये गेलो, हव्या त्या ट्रेडला नंबर लागला नाही, आणि जो मिळाला तो कटिंग-टेलरिंगचा. वर्गात मुली आणि मी. वर्ष वाया नको म्हणून बसलो, आणि दुसऱ्याच आठवड्यात कळलं की सपाट कापडाला चिमटे घालून, म्हणजे जागोजागी दुमडून शिवून, त्यात माणसाच्या खांद्याची गोलाई आणता येते. मला ते जादूसारखं वाटलं. अजून वाटतं.

घराची पुढची खोली रस्त्यावर उघडायची. तिथे मी दुकान टाकलं आणि पाटीवर 'बुटीक' असं लिहिलं. गाव मला 'बुटीकवाला' म्हणायला लागलं. आई नातेवाइकांना सांगायची, "तो गारमेंट लाइनला आहे." शिंपी हा शब्द ती उच्चारायची नाही, आणि मी शिवलेलं ब्लाउज तिनं कधी घातलं नव्हतं. ती समोरच्या गल्लीतल्या बाईकडे शिवायला टाकायची, आणि पिशवी पदराआड धरून माझ्याच दुकानासमोरून जायची.

आणि काम तरी कुठे होतं? कापसाला भाव नाही म्हणजे गावात कशालाच भाव नाही. लग्नं पुढे ढकललेली. बाया येत त्या जुनं उसवून मोठं करायला, नाहीतर मोठीचं धाकटीला बारीक करायला. मी दिवसभर उसवत बसायचो. घरात वडील सकाळी पेपर आला की आधी स्वतः वाचत आणि पहिलं पान काढून गादीखाली घालत. सुनेच्या हातात आतली पानं देत. तिला दिवस गेले होते, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी. पहिल्या पानावर त्या काळात काय असायचं ते सगळ्यांना माहीत होतं, तिलाही होतं. पण सासरे पान काढतात तर तीही न विचारता उरलेला पेपर वाचायची.

बाळाची चाहूल लागल्यावर आईनं मला समोर बसवलं. नागपूरच्या मामांनी ओळखीतून पांढरकवड्याच्या एका शाळेत लिपिकाची जागा ठरवली होती. जूनच्या शेवटी शाळा उघडेल तेव्हा हजर व्हायचं.

"लेकरू आल्यावर उसवत बसशील का?" आई म्हणाली. "ठेव हात डोक्यावर."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. शाळा उघडली की दुकान बंद, असा शब्द दिला. मी शब्द मोडणारा माणूस नाही. कोणाच्या पायावर माझा पाय पडला तर मी दुसऱ्या दिवशीही माफी मागतो. बायको आत पोळ्या लाटत होती. तिनं ऐकलं आणि लाटण्याचा आवाज थांबला, एवढंच.

मग वैशाखात डोहाळजेवण ठरलं. आईनं हिरवा शालू काढला. तिचा स्वतःचा, जरीचा, वजनदार. बायकोला त्या उन्हाळ्यात साध्या साडीतही घेरी यायची. ती म्हणाली, "आई, मी ड्रेस घालते. हिरवाच घालते. पण शालू नको. मले चक्कर येते त्याच्यात."

आई सहसा शुद्ध बोलायची. वडिलांच्या साहेबांच्या बायकांमध्ये बसून कमावलेली भाषा होती ती. रागावली की मात्र सुटायची.

"ड्रेसवर डोहाळजेवण? काहून? पदर नाही, ओचा नाही. मग ओटी काय तुझ्या खिशात भरू?"

तेव्हा मी हसलो. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी माफी मागितली, पुन्हा हसलो, पुन्हा माफी मागितली आणि दुकानात पळालो. खिशात ओटी! एवढा मोठा खिसा कसा दिसेल हे माझ्या डोळ्यांसमोर उभंच राहिलं होतं. मी खडू घेऊन टेबलावरच्या कागदावर काढायला लागलो आणि एकटाच खुदखुदत राहिलो.

पण खिसा जमेना. छोटा केला तर नारळ मावेना, मोठा केला तर बायको कांगारूसारखी दिसायला लागली. तिनं आरशात बघून तसं सांगितलंही. तेवढ्यात डोहाळजेवणासाठी तिची आई फुलसावंगीहून आली. माझ्या सासूबाई. शेतकरी बाई, आवाज शिवारभर जाणारा. आल्या आल्या त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"जावईबापू, हे काय करून राह्यले माह्या पोरीले?"

मी अडचण सांगितली. सासूबाईंनी दुकानातलं मांजरपाटाचं मोठं फडकं उचललं, स्वतःच्या कमरेला गुंडाळलं, दोन टोकांची मागं गाठ मारली, दोन टोकं वर खोचली, आणि बघता बघता त्यांच्या पोटासमोर एक मोठी, उतरती झोळी तयार झाली. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया बांधतात तीच. शेताशेतांतून मी ती हजारदा पाहिली होती, आणि माझ्या डोक्यात ती कधी कपडा म्हणून आलीच नव्हती.

"याले आम्ही ओटीच म्हणतो," सासूबाई म्हणाल्या. "सकाळपून भरा लागते, भरली का ढिगावर नेऊन सांडा लागते." त्यांनी गाठ ओढली आणि फडकं एका झटक्यात सुटून खाली आलं.

"परत बांधा," मी म्हणालो.

त्यांनी बांधलं. मी बाजूनं पाहिलं, खाली बसून पाहिलं. "परत सोडा." त्यांनी सोडलं. "परत बांधा."

"येडा झाला का तुहा नवरा?" त्यांनी लेकीला विचारलं.

"आधीपासूनच होय," बायको म्हणाली.

मांजरपाट मी हिरव्या रंगात बुडवला. पाणी तापवायच्या पातेल्यात रंगवला म्हणून आईनं ते पातेलं वाळीत टाकलं. रंग पक्का हिरवा उतरला नाही, कच्च्या कैरीच्या सालीसारखा उतरला, आणि मला तो हव्या त्या रंगापेक्षा जास्त आवडला. सैल, लांब कुडता शिवला. पोटावरून दोन्ही कुशींच्या शिवणीतून निघून समोर मिळणारी ओटी केली, फडक्याला पडतात तशाच चुण्यांची. आणि ओटीच्या तळाला फट ठेवली. ती कापडी फासांनी बंद व्हायची, आणि सगळ्या फासांमधून एकच बारीक दोरी गेली होती. दोरी ओढली की तळ उघडा. ही करामत गरजेची मुळीच नव्हती. पण ती गाठ सुटताना पाहिल्यापासून मला चैन नव्हतं.

आईनं ड्रेस पाहिला. बराच वेळ पाहिला. "हिरवा म्हणतात याला?" एवढंच बोलली. पण त्या दिवशी सकाळीच बायकोला घेरी आली, आणि शालू मुकाट कपाटात गेला.

डोहाळजेवणाला पुरुषांना जागा नसते. मी दुकानात होतो, मध्ये पडदा. फटीतून बघत होतो. बायको पाटावर बसली होती, कैरीच्या रंगात, आणि ती इतकी सुंदर दिसत होती की मीच शिवलंय हे विसरून मी शिवणाऱ्याचा हेवा केला. आईनं हळदकुंकू लावलं आणि पहिली ओटी भरली. तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड, खण. एरवी पदरात घेतलेली ओटी बाई लगेच बाजूच्या ताटात ठेवते, मग दुसरी घेते. पण ही ओटी ऐसपैस. ठेवायची कोणाला आठवणच झाली नाही. दुसऱ्या बाईनं भरली, तिसरीनं भरली. नारळावर नारळ. बायका माना उंचावून बघायला लागल्या. "मावते का गं अजून?" "मावते!" "टाक मग." हसण्याची लाट उठली. त्या खोलीत एवढं हसणं मी वर्षा-दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. कोणी केळी टाकली, कोणी खरबूज टाकलं.

"उठून दाखव आता," नागपूरहून आलेली माझी मामेबहीण म्हणाली. ज्या मामांनी नोकरी ठरवली होती त्यांचीच ही मुलगी.

बायको दोघींच्या आधारानं उठली. उठल्यावर तळाची दोरी बाहेर लोंबकळायला लागली. आमच्या शेजारच्या काकूंना ती दिसली. कुठल्याही बाईला कुठल्याही कपड्यावर लोंबता दोरा दिसला की तिचा हात आपोआप जातो.

"शिवणाऱ्याच्याच घरी दोरा लोंबून राह्यला पाहा," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी तो तोडायला म्हणून जोरात ओढला.

तळ उघडला. नारळ, तांदूळ, सुपाऱ्या, खरबूज, सगळं धाडकन जमिनीवर. एक नारळ घरंगळत पडद्याखालून आला आणि माझ्या पायाला लागून थांबला.

पडद्यापलीकडे आवाज बंद झाला. सातव्या महिन्यात भरली ओटी सांडली होती. काकूंच्या हातात दोरीचं टोक तसंच होतं. आईचा चेहरा मला फटीतून दिसत होता. तो पांढरा पडला होता, आणि मला वाटलं, आपल्या हौसेपायी हे झालं. दोरीची काय गरज होती? मी नारळ उचलून छातीशी धरला. बाहेर जाऊन माफी मागावी की पळून जावं ते कळेना.

मग सासूबाईंचा शिवारी आवाज आला.

"अवं, अशा काय पाहून राह्यल्या मेल्यावानी? ओटी भरली का सांडाच लागते. ढिगावर मोकळी केल्याबिगर दुसरी कशी भरन? माही पोरगी मोकळी होते पाहा, अशीच होते. एका झटक्यात!"

एक क्षण कोणाच्या लक्षात आलं नाही. मग आलं. बाळंतीण सुखरूप सुटली की आपण तिला मोकळी झाली म्हणतो. पहिल्यांदा काकू हसल्या, सुटका झाल्यासारख्या. मग सगळ्याच. आणि मला अजून आठवतं, आईनं पदर तोंडाला लावला होता, तिचे खांदे हलत होते. मला वाटलं ती रडतेय. ती हसत होती. हसता हसता खाली बसून ती सुपाऱ्या गोळा करायला लागली. "बसव गं तिला," म्हणाली, "आणि तळ बांध. परत भरू." सगळ्यांनी परत ओटी भरली, आणि शेवटी बायकोनं स्वतःच दोरी ओढली.

(ती जुलैत मोकळी झाली. एका झटक्यात नाही, पण सुखरूप. मुलगी.)

बायका पांगल्यावर मामेबहीण पडदा सारून दुकानात आली. मी अजून नारळ धरून उभा होतो.

"दादा, हे तू केलंस?"

"चुकून झालं. माफ कर."

"माफ काय कर! मला एक शिवून दे. नाही, चार शिव. आम्ही मैत्रिणी मे महिन्यात कपड्यांचं प्रदर्शन भरवतोय नागपूरला. तू यायचं."

"मी जूनपासून शाळेत आहे," मी म्हणालो.

"मे जूनच्या आधी येतो, दादा."

इकडे आर्णीत मी चार शिवायच्या आत काकूंनी एक मागितला. त्यांना बाळबीळ काही नव्हतं. त्यांना बाजारातून येताना किल्ल्या, चष्मा आणि मोकळे हात पाहिजे होते. मग त्यांच्या भाचीला कॉलेजला पाहिजे झाला. तीन गरोदर बायका आल्या. मग त्यांच्या सासवा आल्या, लाजत, "असा साडीवर बांधायचा होते का?" म्हणून. साडीवर बांधायचाही होत होता. उसवणं बंद झालं. सकाळी उठून मी मशीनवर बसलो की पाय आपोआप चालायचे आणि मला गाणी सुचायची, तीही वाईट चालीची. बायको म्हणायची, "गाऊ नका, लेकरू ऐकते." मग कुठून तरी बातमी यायची, अमक्या गावात एका शेतकऱ्यानं औषध घेतलं, आणि गल्ली गप्प व्हायची. मीही शटर अर्धं खाली ओढून मशीन थांबवायचो. आणि त्या अर्ध्या अंधारात बसल्यावर, खरं सांगतो, माझ्या डोक्यात बाह्या फिरत असायच्या. तिरकी बाही, तीन चतुर्थांश बाही. मी स्वतःला दटावायचो. बाह्या ऐकायच्या नाहीत.

प्रदर्शनाच्या आधी ओटीत भरायला काहीतरी पाहिजे म्हणून मी सासूबाईंकडे फुलसावंगीला गेलो. त्यांच्या घरातली एक खोली छतापर्यंत कापसानं भरलेली होती, भाव येईल म्हणून ठेवलेला. दार उघडलं की अंगाला खाज सुटायची. त्या घराची माणसं हिवाळ्यापासून ओसरीवर झोपत होती. सासूबाईंनी एक पोतं भरून दिलं.

"न्या. इथं तं याले कोणी विचारून नाही राह्यलं. तिथं कोणाले दाखवा तरी."

नागपूरचा हॉल म्हणजे टेबलं जोडून केलेला रस्ता, दोन्ही बाजूंना खुर्च्या, आणि कोपऱ्यांत मोठमोठे कूलर. निवेदिकेनं माझं नाव घेऊन "यवतमाळ जिल्ह्यातून आलेले डिझायनर" असं म्हटलं, तेव्हा मी मागे वळून पाहिलं की कोण आलंय. मामेबहिणीनं मला कोपरानं ढोसलं. चार मुली माझे कपडे घालून चालत निघाल्या. शेवटच्या मुलीच्या ओटीत मी सासूबाईंचा कापूस भरला होता, आणि वर पिंजलेल्या कापसाची मोठी ओंजळ ठेवली होती, गच्च भरल्यासारखं दिसावं म्हणून. ठरलं होतं असं की तिनं टोकाला जाऊन दोरी ओढायची आणि कापूस तिच्या पायाशी पडेल.

ती टोकाला गेली. तिथे नेमका कूलर होता.

सरकीचा कापूस पायाशी पडला, पण पिंजलेला वर उडाला. आधी एक पुंजका, मग सगळाच. साऱ्या हॉलवर कापूस तरंगायला लागला. प्रमुख पाहुण्यांच्या केसांवर, त्यांच्या चष्म्यावर, समोशांच्या ताटांवर. बायका खुर्च्यांवरून उठून हवेत हात मारून तो पकडायला लागल्या, लहान मुलींसारख्या. ती चालणारी मुलगी घाबरण्याऐवजी खाली वाकली, पडलेला कापूस भराभर उचलून पुन्हा ओटीत भरायला लागली, आणि टाळ्या अशा वाजल्या की मला वाटलं आता पत्रे उडतील. हॉलला पत्रे नव्हते, ते नंतर लक्षात आलं.

निवेदिकेनं माइक माझ्यापुढे धरला. "ही कल्पना कुठून सुचली?"

"आई रागावली होती," मी म्हणालो.

त्याच्यावरही टाळ्या पडल्या. मी सगळ्यांना सांगायला पाहिजे होतं की हा कापूस एका घरातून आलाय, तिथे माणसं ओसरीवर झोपताहेत. मी तोंड उघडलं, आणि मला हसूच येत राहिलं. परतीच्या एस.टी.त मी खिडकीशी बसून पिशवीत तोंड घालून हसत होतो. शेजारच्या बाईंना वाटलं मला ओकारी येतेय. त्यांनी मला लिंबू दिलं.

ऑर्डरी आल्या. नागपूरहून, मग पुण्याहून, मग एका दुकानदारानं थेट आर्णीत माणूस पाठवला. पेपरात फोटो आला, आतल्या पानावर. त्या दिवशी वडिलांनी पहिलं पान काढून ठेवायच्या ऐवजी उरलेला सगळा पेपर बाजूला सारला आणि तेवढं एकच पान सुनेच्या हातात दिलं. ते पान आणि पहिलं पान एकाच कागदाच्या दोन बाजू आहेत हे घाईत त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. बायकोनं फोटो कापून घेतला. मी तो उलटून पाहिला. मागे अर्ध्या तुटलेल्या बातमीत आमच्याच तालुक्यातल्या एका गावाचं नाव होतं. मी तो पुन्हा सुलटा केला. आमच्या घरात तो फोटो काचेत लावलेला आहे, आणि त्याची मागची बाजू फक्त मला माहीत आहे. आता तुम्हालाही.

आणि जून संपत आला.

ऑर्डरी येत होत्या ते आईला दिसत होतं, पण मामांचा निरोपही आला होता, आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. तिनं मोडू दिल्याशिवाय मी तो शब्द मोडणार नव्हतो, आणि तिनं ते म्हणावं असं मी तिला सांगणारही नव्हतो. शाळा उघडायच्या दिवशी मी पांढरा शर्ट घातला, बूट घातले. दुकानात अर्धवट शिवलेल्या ओट्या रांगेनं टांगलेल्या होत्या. मी शटर पूर्ण खाली ओढलं. आईनं हातावर दही दिलं.

"चल, स्टँडपर्यंत येते," ती म्हणाली. पहिल्या नोकरीला निघालेल्या मुलाला गावानं पाहावं, हा तिचा मान होता.

दहा पावलांवर काकू भेटल्या. "अवो वैनी, भाचीचा ड्रेस कधी देता?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "शनिवारी. तयारच आहे." मी तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत चालत होती.

मेडिकलवाल्याची बायको दारातून ओरडली, "मावशी, सातवा लागला जी मले! माझा राहिला!"

"तुझा रविवारी. माप दिलंस ना? मग झालं."

चौकात आर्णीच्या शाळेतल्या बाई भेटल्या. त्यांच्या बहिणीला दोन पाहिजे होते, एक निळा. "निळा सुरेख होतो," आई म्हणाली. "पण निळ्याला कापड दोनदा बुडवावं लागतं. बुधवार धरा." दोनदा बुडवावं लागतं हे तिला माहीत होतं! वाळीत टाकलेल्या पातेल्याकडे तिचं रोज लक्ष होतं तर. पुढे फळवाली. पुढे पोस्टातल्या बाई. प्रत्येकीला आईनं वार दिला, आणि एकही वार दोनदा दिला नाही.

स्टँडवर पांढरकवड्याची बस लागलेली होती. मी पायरीवर पाय ठेवला आणि वळून वाकून नमस्कार केला. आईनं पाठीवर हात ठेवला, आणि तो उचललाच नाही.

"थांब रे," ती म्हणाली. ती बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होती. "शनिवार, रविवार, बुधवार... हे शिवणार कोण?"

"मी तर शाळेत," मी म्हणालो.

"मी शब्द दिला ना बायकांना."

"मीही दिलाय. तुला."

कंडक्टरनं घंटी दिली. "साहेब, चढता का उतरता?"

आईचा चेहरा मला तेव्हा वाचता आला नाही. तिच्या घरातल्या तीन पिढ्यांच्या खुर्च्या त्या बसमध्ये ठेवलेल्या होत्या, आणि ती एकेकीकडे बघत असावी. मग तिनं माझ्या शर्टाची बाही धरली आणि मला रस्त्यावर ओढलं, चांगलं जोरात, लहान पोराला ओढावं तसं.

"तुझा शब्द घरातला आहे. घरातलं मी पाहते. गावाला दिलेला कसा मोडू? लोक काय म्हणतील, शिंप्याची आई खोटं बोलते?"

शिंप्याची आई. ती स्वतःच म्हणाली आणि स्वतःच दचकली.

"आणि मामा?" मी विचारलं.

"माझा भाऊ आहे तो. त्याला मी सांगते. त्याच्या पोरीनंच तर सारं केलं."

बस निघून गेली. मी माफी मागायला लागलो, आईची, मामांची, न पाहिलेल्या शाळेची. आई म्हणाली, "गप. बूट काढ, चावत असतील." बूट खरंच चावत होते. मी ते हातात घेतले आणि आर्णीच्या भर बाजारातून पांढऱ्या शर्टात, अनवाणी, आईच्या मागे घरी निघालो. उन्हानं रस्ता तापलेला होता, म्हणून मला उड्या मारत चालावं लागत होतं. तापलेल्या रस्त्यानं म्हणा किंवा दुसऱ्या कशानं म्हणा. मेडिकलवाल्याची बायको दारातच होती. तिनं विचारलं, "काय झालं जी, बस चुकली का?" आई म्हणाली, "हो, चुकली," आणि हसली.

घराच्या पायरीवर बायको पोटावर हात ठेवून बसली होती. कैरीच्या रंगाच्या त्याच कुडत्यात. आम्हाला बघून ती धडपडत उठायला लागली.

"काहून परत आले? काय झालं आई?"

आईनं शटरला हात घातला. ते जड होतं, आणि तिनं ते आजवर कधी उचललं नव्हतं.

"काही नाही गं," ती म्हणाली. "मोकळा केला याला. धर, तिकडून लाव हात."